निद्रा : आळस की अध्ययन?

आपल्या समाजात झोपेकडे नेहमीच काहीशा संशयाने पाहिले गेले आहे. झोपाळू मुलाला घरोघरी ‘कुंभकर्ण’ हे बिरुद मिळते. आणि ज्याच्या खोलीत रात्री दोनपर्यंत दिवा जळतो, त्याचे पाहुण्यांपुढे कौतुक होते. ‘लवकर निजे, लवकर उठे’ या म्हणीचा उत्तरार्ध आपण मुलांच्या मनावर बिंबवतो, पूर्वार्धाचा मात्र आपणांस सोयीस्कर विसर पडतो. मेहनत ही जागरणाच्या तासांनी मोजावयाची, हे आपण गृहीत धरले आहे. हे गृहीत खरे आहे काय? आणि ते खरे नसेल, तर मुलांच्या झोपेवर आपला अधिकार कितपत पोहोचतो? या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

मध्ये एक रात्र गेली की पाठांतर पक्के होते, हे निरीक्षण फार जुने आहे. पहिल्या शतकातील रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन यानेही त्याविषयी आश्चर्य व्यक्त केले होते. १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरसमूह पाठ करवून घेतले. पाठांतरानंतरचे तास जागेपणी गेले की विस्मरण वाढे, झोपेत गेले की ते पुष्कळ कमी होई. त्या काळी याचा अर्थ एवढाच लावला गेला की, झोपेत नवे काही मनात शिरत नाही, म्हणून जुने टिकून राहते.

आज त्यापुढचे पाऊल पडले आहे. २०१६ साली फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांनी ४० प्रौढांना स्वाहिली भाषेतील १६ शब्द त्यांच्या फ्रेंच अर्थांसह शिकवले. निम्मे लोक सकाळी शिकले आणि त्याच संध्याकाळी उजळणीस बसले; उरलेले संध्याकाळी शिकले आणि रात्रभर झोपून सकाळी उजळणीस आले. दोन्ही गटांत अंतर १२ तासांचेच होते. परंतु झोपून आलेल्यांना पुन्हा सर्व शब्द पक्के करण्यास जवळपास निम्मेच श्रम पुरले. आणि सहा महिन्यांनंतरही त्यांच्याच स्मरणात अधिक शब्द शिल्लक होते.

असे का व्हावे? दिवसा शिकलेली गोष्ट मेंदूच्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात प्रथम उतरते. गाढ निद्रेत तिची जणू उजळणी होते आणि हळूहळू ती मेंदूच्या बाह्य आवरणात, पूर्वीच्या ज्ञानाच्या शेजारी, स्थिरावते. १९९४ साली विल्सन व मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत अशी उजळणी टिपली : जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र चेतवल्या जात होत्या. भाषेच्या बाबतीत तर निद्रा केवळ राखणदार नव्हे. २००६ साली अमेरिकेत १५ महिन्यांच्या बाळांना एक कृत्रिम भाषा ऐकवण्यात आली. ज्यांनी त्यानंतर दुपारची झोप घेतली, त्यांना नव्या शब्दांतही त्या भाषेचा नियम ओळखता आला. जी जागी राहिली, त्यांना ऐकलेले शब्द तेवढे ओळखीचे वाटले.

यावरून कोणी असे समजू नये की, उशाशी धडा वाजत ठेवला म्हणजे काम भागले. झोपेत नवा पाठ शिकवण्याचे प्रयोग १९५० च्या दशकातच कसोटीस लावले गेले आणि झोप खरोखर गाढ असता त्यांतून काही निष्पन्न झाले नाही. आधी श्रम हवेतच. दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होत नाही. पण विरजण लावून भांडे सारखे ढवळत राहिले, तरीही दही लागत नाही. आपल्या विद्येचा काही भाग आपण कमावलेला असतो आणि काही भाग आपल्या नकळत परिपक्व झालेला असतो. ज्याला हे उमगले, त्याच्या ज्ञानाला अहंकाराचा वारा कमी लागेल, असे आम्हांस वाटते.

येथे एक आक्षेप न्याय्य आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसणारी आई, रात्रपाळीची परिचारिका, दिवसा राबून रात्री पुस्तक उघडणारा गरीब विद्यार्थी, यांचे जागरण काय निंद्य म्हणावयाचे? मुळीच नाही. आई आणि परिचारिका स्वतःची झोप दुसऱ्यासाठी देतात. तो त्याग आहे. गरीब विद्यार्थ्यास परिस्थिती जागे ठेवते. तेथे लज्जा वाटावयाची ती त्याला नव्हे, समाजाला. परंतु शेजारच्या मुलापेक्षा दोन गुण अधिक मिळावेत म्हणून आपण आपल्या मुलाची झोप काढून घेतो, तेव्हा त्याग कोणाचा आणि लाभ कोणाचा? दुसऱ्याच्या वस्तूचा त्याग आपण करू शकत नाही. ती वस्तू आपण केवळ हिरावून घेतो, आणि दुर्दैव असे की, ज्या स्मरणशक्तीसाठी ती घेतली तीच क्षीण करतो.

निद्रातज्ज्ञ १३ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी ८ ते १० तासांची आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ९ ते १२ तासांची झोप आवश्यक मानतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत असा आदेश काढला, त्यामागे हाच विचार होता. पण शासन शाळेची घंटा पुढे ढकलू शकते; घरातील दूरदर्शन संच बंद करणे त्याच्या हाती नाही. एकाच खोलीत संसार करणाऱ्या कुटुंबात तर मुलाची झोप सर्वस्वी वडीलधाऱ्यांच्या संयमावर अवलंबून असते. मोठ्यांनी आवाज खाली आणावा, मोबाईल बाजूस ठेवावा, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री दहाच्या सुमारास मुलाच्या हातातील पुस्तक स्वतः मिटून ठेवावे. जेवढे त्याने मनापासून वाचले असेल, तेवढे रात्र सांभाळील.