मोजलेला रस्ता

बावन्नाव्या वर्षी मी पुन्हा सायकलवर बसले ती गुडघ्यांसाठी. आमच्या आदिलाबादला थंडीत पहाटे बोटं ब्रेकवर वळत नाहीत, तरी सहाला निघायचं, मावला तलावापर्यंत जायचं न् घरचे चहासाठी हाका मारायच्या आत परत यायचं. भाच्यानं फोनमध्ये सायकलचं अ‍ॅप घालून दिलं. "मावशी, सुरू कर आणि खिशात टाक, बाकीचं ते बघेल."

त्यानं बघितलं खरं. किती किलोमीटर, किती मिनिटं, कुठल्या वळणावर वेग पडला, सगळं. आधण ठेवायच्या आधी मी आकडा बघू लागले.

मैत्रिणींनो, हसू नका. लग्नाला तीस वर्षं झाली. त्यात किती पोळ्या लाटल्या, किती डबे भरले, कुणी मोजलं? मीही नाही. माझ्या नावावर लिहिलेली पहिली मोजणी हीच: मंगळवार, ११.४ किलोमीटर. ते बघून मला जे वाटलं त्याला नुसता अहंकार म्हणायला मी तयार नाही.

पण एका सकाळी काय झालं ते सांगते. परतीच्या वाटेवर दप्तर लावलेली एक मुलगी सायकल आडवी करून बसली होती. चेन निघाली होती. मला बघून म्हणाली, "अम्मा, कोंचेम आगंडी." थोडं थांबा. आदल्या दिवशी परतीला मला सव्वीस मिनिटं लागली होती, आज चोविसात घर येणार होतं. माझा हात ब्रेककडे गेला नाही. मी मान हलवली, जणू ऐकूच आलं नाही, आणि पुढे गेले. चोवीस मिनिटं झाली. चहा गोड लागला नाही.

दोन दिवसांनी भाच्याला विचारलं तर म्हणाला, थांबलं की घड्याळ आपोआप थांबायची सोय त्यातच आहे, फक्त चालू करावी लागते. म्हणजे ती दोन मिनिटं मोजलीच गेली नसती. हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच लागलं. घड्याळाला हरकत नव्हती, हरकत माझी होती.

मोजण्याचाच दोष म्हणावा, तर आमच्या सासूबाईही अंतर मोजून राहायच्या. त्यांनी दिग्व्रत घेतलं होतं. पूर्वेला सम्मेदशिखर, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, यापलीकडे जन्मभर जायचं नाही. हद्द कशी ठरवावी हे आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलंय: प्रसिद्ध समुद्र, नदी, अरण्य, डोंगर, देश नाहीतर योजनांची मोजणी. या व्रताच्या दोषांत दोन मला फार आवडतात. एका दिशेचं न वापरलेलं अंतर दुसऱ्या दिशेला जोडून घेणं हा एक, आणि ठरवलेली हद्द विसरून जाणं हा दुसरा. विसरणंसुद्धा दोषच! सासूबाईंचा आकडा म्हणजे इथे थांबायचं. माझा आकडा म्हणजे उद्या याच्या पुढे जायचं. अंतर मोजायचं काम दोघींचं एकच, पण तोंडं उलट दिशांना.

आणखी एक गोष्ट त्यांना माहीत नव्हती. त्यांची हद्द घरच्यांना ठाऊक होती, बाकी जगाला नाही. स्ट्राव्हा हे सायकलवाल्यांचं नावाजलेलं अ‍ॅप. २०१७च्या नोव्हेंबरात त्यांनी जगभरच्या लोकांच्या फेऱ्यांचा एक उजळलेला नकाशा मांडला. त्यात नावं नव्हती. तरी जानेवारी २०१८मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की ओसाड प्रदेशात सैनिक जिथे रोज धावतात त्या छावण्यांच्या वाटाही त्यात चमकताहेत. माझं अ‍ॅप वेगळं होतं, पण त्यातही माझी रेघ रोज आमच्या फाटकापासून सुरू होऊन फाटकाशी संपत होती, आणि ती कुणालाही दिसेल अशी ठेवलेली होती. रोज सहाला एकटी निघणारी बाई आणि तिचं घर. भाच्यानं मुद्दाम केलं नव्हतं, त्यानं काही बदललंच नव्हतं.

म्हणून अ‍ॅप घ्याल तेव्हा रंग न् पदकं बघू नका. आधी बघा, फेरी 'फक्त मला' दिसेल अशी ठेवता येते का, आणि घराजवळचा रस्ता झाकता येतो का. नेटची काळजी नको, जागा उपग्रहावरून कळते, नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. झाडीत रेघ थोडी वेडीवाकडी जाते, त्यामुळे शे-पन्नास मीटरसाठी जीव टाकू नये. आणि आपल्या फेऱ्यांची नोंद फाइल करून बाहेर काढता यावी, नाहीतर अ‍ॅप बदललं की वर्षाचं सगळं गेलं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, मी कुठे आहे ते त्यांना सतत दिसावं. मुली म्हणतात, ही पाळत आहे. मला दोन्ही पटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास देता येतं. मी एक तास देते. रस्त्यात पडले तर शोधायला यावं एवढ्यापुरतं. भाजीला जाताना देत नाही, आणि तेही मागत नाहीत. एकदा मागितलं होतं, तेव्हा मी म्हटलं, "तुमचंही द्या." विषय तिथेच संपला.

अ‍ॅप मी काढलेलं नाही. वेगाचा आकडा पडद्यावरून काढला, ध्येयाची चौकट रिकामी ठेवली. हद्द ठरवली: एका बाजूला मावला तलाव, दुसरीकडे, कधी जमलंच तर, पैनगंगा. नदी चालते हद्दीला.

ती मुलगी पुन्हा दिसली नाही. क्लासची वेळ बदलली असेल, नाहीतर दुसऱ्या रस्त्यानं जात असेल. सायकलच्या टोपलीत जुन्या साडीची चिंधी ठेवली आहे, चेन बसवताना हात काळे होतात म्हणून.