न ऐकू येणाऱ्या फरकाचा प्रश्न

ध्वनिमुद्रणातला एकही अंक न गमावता ते साठवले, पाठवले आणि श्रोत्याकडे जसेच्या तसे पुन्हा उभे केले, तर त्याला लॉसलेस म्हणतात. टायडलने २०१४ पासून, ॲपल म्युझिकने २०२१ पासून आणि स्पॉटिफायने २०२५ मध्ये ही सोय श्रोत्यांसमोर ठेवली. त्याआधी स्ट्रीमिंगचा बहुतेक कारभार एमपीथ्री, एएसी अशा लॉसी पद्धतींवर चाले आणि आजही बराचसा चालतो. मात्र चांगल्या बिटरेटची लॉसी फाइल आणि लॉसलेस फाइल कोणती वाजते आहे हे न सांगता ऐकवल्या, तर बहुतेकांना त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. तंत्रज्ञाचे काम इथे संपते आणि तत्त्वज्ञाचे सुरू होते. जो फरक ऐकू येत नाही, तो संगीतातला फरक मानायचा का?

प्रश्न नीट कळण्यासाठी आधी यंत्राची रीत पाहावी लागते. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. डावी-उजवी बाजू धरून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. दोन मोजमापांच्या मधला आवाज यात निसटतो, असा समज अनेकांचा असतो. तो चुकीचा आहे. नायक्विस्ट आणि शॅनन यांच्या सिद्धांतानुसार मोजणीच्या निम्म्या वारंवारतेपर्यंतची लहर या अंकांतून सलग परत मिळते आणि माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झच्या पुढे ऐकत नाही. २००१ साली आलेली फ्लॅक पद्धत हेच अंक कमी जागेत बसवते. मागच्या अंकांवरून पुढच्याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज जितका चुकला तितकेच लिहून ठेवायचे, हे तिचे तत्त्व. उलगडल्यावर मूळचा प्रत्येक बिट जागेवर असतो.

लॉसी पद्धत अंकांऐवजी कानाचा अभ्यास करते. मोठ्या आवाजाशेजारी, जवळच्याच वारंवारतेचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही. म्हणून तो ठेवायचाच कशाला, असा तिचा हिशेब. एमपीथ्री घडवणारे जर्मन अभियंते कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी ही पद्धत पारखण्यासाठी सुझान व्हेगाचे ‘टॉम्स डायनर’ हे विनासाथीचे गाणे वापरले होते. पुढे रायन मॅग्वायर या संगीतकाराने याच गाण्यातून एमपीथ्रीने काय टाकून दिले ते वेगळे काढले आणि त्या उरल्यासुरल्या आवाजांचीच एक रचना केली. ती ऐकू येते. म्हणजे टाकलेला आवाज स्वभावतःच अश्राव्य नव्हता, दुसऱ्या आवाजाच्या संगतीत तो अश्राव्य झाला होता. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे, कारण जे नाहीच ते आणि जे झाकले गेले ते, यांत तत्त्वज्ञानाने नेहमीच भेद केला आहे.

लायब्निझने हा भेद समुद्राच्या गाजेवरून मांडला. गाज ऐकू येते ती असंख्य लाटांच्या आवाजांची मिळून. एकेक लाट वेगळी कळत नाही, तरी प्रत्येकीचा काही ना काही ठसा मनावर उमटत असलाच पाहिजे. नाही तर लाख शून्यांतून गाज उभी राहिली नसती. लॉसलेसच्या बाजूने इतका जुना आणि इतका समर्थ युक्तिवाद दुसरा सापडणार नाही. तरी तो इथे पूर्णपणे लागू पडत नाही. लाटा काढून घेतल्या तर गाज बदलते. झाकलेले आवाज काढून घेऊनही एकूण अनुभव तोच राहतो, असा लॉसी पद्धतीचा दावा आहे आणि पुरेशा बिटरेटला तो बहुतांशी खरा ठरतो.

म्हणून प्रश्न आजच्या कानाकडून उद्याच्या कानाकडे न्यावा लागतो. अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी १९६८ सालच्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये मूळ चित्र आणि त्याची हुबेहूब नक्कल यांच्याविषयी हेच म्हटले आहे. आज दोन्हींत फरक दिसत नसला, तरी पुढे तो दिसायला शिकता येईल, आणि फरक आहे हे माहीत असणेच पाहण्याची रीत बदलते. हिंदुस्थानी संगीतात याचा पुरावा रोज मिळतो. तानपुऱ्यावर गंधाराची तार नसते. पण जवारी नीट लावलेल्या, सुरेल जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या उपस्वरांतून गंधार आपोआप उमटतो. नवख्याला तो ऐकू येत नाही. गुरूने लक्ष वेधले, सराव झाला की येतो, आणि मग तो ऐकू न येणे अशक्य होते. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून पाहिले, तेव्हा सीडीहून वरच्या दर्जाचे मुद्रण ओळखण्याचे प्रमाण जेमतेम ५२ टक्क्यांच्या आसपास निघाले. तालीम दिलेल्या श्रोत्यांत ते वाढले. फरक लहान आहे, पण कान शिकतो हे नाकारता येत नाही.

गुडमन यांचा दुसरा विचार मात्र इकडच्या संगीताला तसाच लावता येणार नाही. स्वरलिपी असलेल्या संगीताची नक्कल होत नाही, कारण कृती लिपीत सुरक्षित असते, असे ते मानतात. बेटोफेनची सिंफनी एका वाद्यवृंदाचे मुद्रण खराब झाले म्हणून नष्ट होत नाही. ख्यालाचे तसे नाही. भातखंडे यांच्या लिपीत बंदिश उतरते, गायकी उतरत नाही. स्वराचा लगाव, मींड, श्वासाची जागा कागदावर येत नाही. तिथे सादरीकरण हीच कृती असते आणि गायक गेल्यावर मुद्रण हाच तिचा एकमेव देह उरतो.

हे मुद्रण म्हणजे ‘तेच’ गाणे का, याचा विचार भारतीय दर्शनांच्या एका जुन्या वादाच्या आधाराने करता येतो, जरी तो वाद मुळात वर्णांविषयी, विशेषतः वेदाच्या शब्दांविषयी, होता. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. उच्चाराने तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो. पुन्हा ‘ग’ ऐकला की ‘हा तोच ग’ अशी ओळख पटते, हा त्यांचा पुरावा. नैयायिक म्हणतात, शब्द उत्पन्न होतो आणि लगेच नष्ट होतो. एका तरंगातून दुसरा तरंग उठावा तशी शब्दांची मालिका चालते आणि कानापर्यंत पोचतो तो त्या मालिकेतला शेवटचा शब्द. ओळख पटते ती सारखेपणामुळे, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही तीच वाटते तशी. लॉसलेसच्या जाहिरातीला मीमांसकाची बाजू हवी असते: मूळ गाणे कुठेतरी अखंड आहे आणि फाइल ते फक्त प्रकट करते. इथे नैयायिकाचे म्हणणे अधिक खरे आहे. बैठकीत पहिल्या रांगेत बसलेल्यालाही कंठातला पहिला शब्द मिळत नाही. फाइलमध्ये अखंड राहते ती अंकांची मालिका. स्वर प्रत्येक वेळी नवा जन्मतो.

त्या अंकांनाही स्वतःचा इतिहास असतो. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे. जास्त संगीत मावावे म्हणून ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेरे अशा संथ गतीची केली, आणि त्यात आवाजाचा दर्जा थोडा सोडून द्यावा लागला. पण मोठी हानी त्याच्या कितीतरी आधी झाली होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, म्हणून तासभर उलगडणारे गाणे तेवढ्यात आटोपावे लागे. ही काटछाट कोणतीही फाइल भरून काढत नाही. लॉसलेस म्हणजे हाती असलेल्या मूळ प्रतीशी प्रामाणिक, मैफलीशी नव्हे. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनपर्यंत जाताना आवाज पुन्हा लॉसी होतो, तेव्हा तिथे ही प्रामाणिकताही वाटेतच संपते.

यावरून ऐकणे आणि जपणे यांना वेगळे नियम लावावे लागतात. बसमध्ये, स्वयंपाक करताना चांगल्या बिटरेटची एएसी फाइल ऐकणाऱ्याचे काहीही बुडत नाही. त्याला कमी दर्जाचा रसिक ठरवणे अन्याय्य आहे. जपणाऱ्याला मात्र ही मुभा नाही. आज झाकलेला वाटणारा आवाज उद्याच्या अभ्यासकाला, उद्याच्या शिष्याला हवा असेल आणि एमपीथ्रीतून तो परत काढता येत नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघटनेनेही संग्रहासाठी किमान ४८,००० हर्ट्झ आणि २४ बिटचे लॉसलेस मुद्रण सुचवले आहे. महाराष्ट्रात आणि गोव्यात ज्यांच्या कपाटांत खासगी बैठकींच्या कॅसेट पडून आहेत, त्यांनी त्या आधी याच दर्जात उतरवून घ्याव्यात. फोनवर ऐकायच्या लहान फाइली त्यातून नंतर केव्हाही करता येतात.