बिघाड हजर असताना

जुनं मोटारहोम सुरू होत नाही तेव्हा नुसती गाडी अडत नाही, राहतं घर अडतं. अमेरिकेत निवृत्तीनंतर घरदार विकून चाकांवरच्या घरात राहायला गेलेली माणसं आहेत. हिवाळ्यात ती ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात मुक्काम ठोकतात आणि ऊन तापू लागलं की उत्तरेकडे सरकतात. त्यांतल्या काहींच्या गाड्या १९८० च्या दशकातल्या, शेवरलेच्या पी-३० चासीवर बांधलेल्या, ४५४ घनइंचांच्या म्हणजे ७.४ लिटर इंजिनाच्या. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. दुपारी पेट्रोल भरायला थांबावं, थोड्या वेळाने किल्ली फिरवावी, तर साधं ‘खट्’ही ऐकू येत नाही. अर्धा तास थांबलं की तीच गाडी काही झालंच नव्हतं अशी सुरू होते.

हा अर्धा तास फार फसवा असतो. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात माणूस चौकशीच सोडून देतो.

वास्तविक त्या अर्ध्या तासात काहीही दुरुस्त झालेलं नसतं. सेल्फच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटारीच्या, अंगावर सोलेनॉइड असतो. त्यातल्या तांब्याच्या वेटोळ्यात प्रवाह गेला की तो दट्ट्या ओढतो आणि मग सेल्फ फिरतो. हा सगळा जुडगा सायलेन्सरच्या तापलेल्या नळीला अगदी लागून बसवलेला. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. तापमान ६० अंशांनी चढलं, तर वेटोळ्याचा रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि ओढ कमी पडते. नव्या गाडीत हे खपून जातं. जुन्या गाडीत मात्र किल्लीच्या स्विचचे काँटॅक्ट झिजलेले असतात, गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असेल तरच सेल्फला वीज जाऊ देणाऱ्या न्यूट्रलच्या स्विचमध्ये कार्बन धरलेला असतो, जोडण्यांवर गंज चढलेला असतो. वाटेतच दोन-तीन व्होल्ट गळतात. गार असताना ही गळती सोसते, आणि वायरिंग धडधाकट असेल तर उष्णताही सोसते. दोन्ही उणिवा एका दुपारी एकत्र आल्या की गाडी गप्प बसते.

म्हणजे अधूनमधून येणारा बिघाड खरं तर येत-जात नसतोच. तो रोज गाडीत बसलेला असतो. त्याला पोटात घालणारी शिल्लक तेवढी कधी पुरते, कधी पुरत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण ‘आपोआप गेला’ हे समाधान त्याने पार खोटं ठरतं.

दुसरं खोटं समाधान नव्या बॅटरीचं. जुनी बॅटरी काढताना टर्मिनल सैल होतात, घासले जातात, पुन्हा आवळले जातात. गाडी सुरू होते आणि श्रेय बॅटरीला जातं. चासीला जोडलेली अर्थिंगची पट्टी गंजून तशीच राहते, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. शेवटी जे केलं त्यालाच गुण आला, असं मानायची आपल्याला सवयच असते.

दिवे लख्ख लागतात, म्हणजे वीज ठीक आहे, असंही लोक खात्रीने सांगतात. अर्थिंगच्या त्या पट्टीत समजा ०.०२ ओहमचा रोध आहे. दिव्यांना ५ अँपिअर लागले तर तिथे ०.१ व्होल्ट पडतो, डोळ्यांना कळतसुद्धा नाही. एवढं मोठं इंजिन फिरवायला सेल्फ दीडशे अँपिअर मागतो तेव्हा त्याच पट्टीत ३ व्होल्ट पडतात. उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावला तर तो १२.६ दाखवणार, आणि ते खरंच असणार. प्रश्न चुकीच्या वेळी विचारलेला असतो.

म्हणून दोष शोधण्याच्या कामात मनाला एक उलटी सवय लावावी लागते: बिघाड यावा, अशी वाट पाहायची. गाडी आज सुरू झाली नाही, तर वैतागण्याआधी मीटर काढायचा, कारण पुरावा एवढाच वेळ समोर असतो. बिघाड येत नसेल तर मुद्दाम आणायचा. भर उन्हात चढावरून गाडी नेऊन तापवायची, उभी करायची, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आधी गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन किल्ली फिरवून पाहावी. तिथे सुरू झाली तर न्यूट्रलच्या त्या स्विचकडेच बोट जातं.

नाही झाली, तर सोलेनॉइडच्या लहान टोकाला येणारी जांभळी तार शोधावी. एकाने किल्ली फिरवून धरायची, दुसऱ्याने त्या टोकावर मीटर पाहायचा. सात-आठ व्होल्टच भरले तर चोर किल्लीपासून त्या तारेपर्यंतच्या वाटेत आहे, आणि सेल्फ बदलून काहीही साधणार नाही. अकराच्या वर भरूनही सेल्फ गप्प असेल, तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरं सेल्फच्या लोखंडी अंगाला लावून पुन्हा किल्ली फिरवावी. तिथे शून्याच्या जवळपास दिसायला हवं; अर्धा व्होल्ट ओलांडला तर अर्थिंग घासून आवळायचं. हेही स्वच्छ निघालं तरच सेल्फ खाली उतरवायचा, तोही गार झाल्यावर, आणि उतरवण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडून.