'नाहीसे करणे' : एका क्रियापदाचा नैतिक विचार

'नाहीसे होणे' ही क्रिया मराठीत अकर्मक आहे. जो नाहीसा होतो तोच वाक्याचा कर्ता; त्याला नाहीसे करणारा कोणी असेल, अशी शंकाही वाक्यरचनेला शिवत नाही. 'बेपत्ता' या वृत्तपत्री विशेषणात तर पत्ता हरवल्याचे उणेपण हरवलेल्याच्याच पदरी पडते. स्पॅनिशमधील 'देसापारेसेर' हे क्रियापदही मुळात असेच. २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली आणि १९८३ पर्यंत टिकलेल्या त्या राजवटीत हजारो नागरिक असे 'नाहीसे झाले'. तेव्हा हे क्रियापद सकर्मक करून वापरण्याची गरज निर्माण झाली: 'त्यांनी त्याला नाहीसे केले.' व्याकरणाची चौकट वाकवून भाषेने येथे जे साधले, ते त्या काळातील न्यायालयांना साधले नव्हते.

अटक ही केवळ शारीरिक कृती नसते. ती एक लेखी कृतीही असते. नाव, वेळ, ठिकाण, आरोप यांची कोठेतरी नोंद होते आणि ती नोंद अन्यायकारक असली तरी तिच्याशी भांडता येते. गुप्त स्थानबद्धतेत नेमकी हीच संहिता पुसलेली असते. साध्या वेशातील सशस्त्र माणसे रात्री घरी येत, मोटारीत घालून नेत, आणि नेलेला माणूस कोणत्याही तुरुंगाच्या यादीत नसलेल्या जागी ठेवला जाई. ब्वेनोस आयरेसमधील नौदलाची यांत्रिकी शाळा ही त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध. नातेवाईक देहोपस्थितीची याचिका करीत, न्यायालय पोलिसांना आणि छावण्यांना विचारणा करी, 'अशी व्यक्ती ताब्यात नाही' असे उत्तर येई आणि याचिका निकालात निघे. १९८३ साली नेमलेल्या व कादंबरीकार एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० व्यक्तींची आणि सुमारे ३४० गुप्त केंद्रांची नोंद केली. मानवाधिकार संघटना नाहीशा झालेल्यांचा आकडा ३०,००० सांगत आल्या आहेत. आकड्यांतील ही तफावत हाही नोंद पुसल्याचाच परिणाम होय.

भारतीय वाचकाने हे सारे दूरदेशीचे मानण्याचे कारण नाही. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने देहोपस्थितीचा मार्गच बंद केला, न्या. ह. रा. खन्ना यांचे एकट्याचे मत विरोधी होते (ते बरोबर होते हे न्यायालयाने मान्य केले ते २०१७ साली). त्याच वर्षी मार्चमध्ये कोळिकोडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून नेलेल्या राजन या विद्यार्थ्याच्या वडिलांना याचिका करण्यासाठी आणीबाणी उठण्याची वाट पाहावी लागली. तो ताब्यातच नव्हता, हे शासनाचे म्हणणे केरळ उच्च न्यायालयात टिकले नाही, के. करुणाकरन यांना एप्रिल १९७७ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मृतदेह मात्र मिळाला नाही. 'देह हजर करा' असे म्हणणाऱ्या याचिकेला शासनाने अखेर दिला तो एक बदललेला जबाब.

समकालीन समीक्षेत 'अनुपस्थिती' या संकल्पनेला मोठी प्रतिष्ठा आहे. चिन्ह हे अनुपस्थित वस्तूच्या जागी उभे असते, अर्थ सतत पुढे ढकलला जातो, हे सिद्धान्त आता पाठ्यपुस्तकांत स्थिरावले आहेत. १९७९ साली पत्रकारांपुढे जनरल विदेला यांनी नाहीशा झालेल्या माणसाविषयी जे सांगितले, त्याचा आशय असा की तो जिवंतही नाही, मृतही नाही. त्याला अस्तित्वच नाही. वरवर पाहता हे विधान एखाद्या विरचनावादी निबंधात सहज खपून जाईल. पण संहितेतील अनिर्णितता कोणाच्याच मालकीची नसते आणि या अनिर्णिततेला मालक होता. येथे अर्थ निसटलेला नव्हता, तो दडवलेला होता. तो ठाऊक असणारी माणसे गणवेशात वावरत होती. नाहीशा झालेल्या माणसाला मानवी स्थितीचे रूपक बनवणारी कविता, तिचा हेतू कितीही शुद्ध असो, हा भेद पुसते आणि कर्त्याला पुन्हा एकदा वाक्याबाहेर जाऊ देते.

मग हे वाक्य पूर्ण करण्याचा अधिकार कोणाचा? १९७९ मध्ये लष्करी राजवटीने कायदा करून बेपत्ता व्यक्तींना मृत मानण्याची सोय केली, म्हणजे लपवणाऱ्यानेच शेवट लिहिण्याचा हक्क घेतला. एप्रिल १९७७ पासून प्लाझा दे मायो या चौकात जमणाऱ्या मातांनी उलट 'त्यांना जिवंत परत आणा' अशी मागणी धरली. लोकशाही परतल्यावर थडगी उकरण्याचे काम सुरू झाले तेव्हा त्यांच्यापैकी एका गटाने अस्थी स्वीकारण्यासही नकार दिला. १९८६ मध्ये संघटना दुभंगली, त्यामागच्या कारणांत हेही एक होते. या नकाराला भ्रम म्हणणे सोपे आहे. पण 'जिवंत परत आणा' हे विधान नसून आज्ञार्थ आहे; मुलगा जिवंत आहे की नाही यावरून त्याची सत्यता तपासता येत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. तथापि या भूमिकेची किंमतही मोजली पाहिजे. अस्थी म्हणजे केवळ शोकाचा शेवट नव्हे, तो पुरावाही असतो. आणि मुलाचे अंत्यसंस्कार करू इच्छिणाऱ्या आईची निष्ठा कमी ठरवण्याचा अधिकार दुसऱ्या आईलाही नाही.

या मातांना एकत्र आणणाऱ्या आसुसेना व्हियाफ्लोर यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेण्यात आले. त्याच महिन्यात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली काही प्रेते हेनेरल लावाये येथील दफनभूमीत निनावी पुरली गेली. २००५ साली न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञांनी त्यांतील एक व्हियाफ्लोर यांचे असल्याचे ओळखले. हाडांवरील भंग उंचावरून पडल्याचे होते: कैद्यांना विमानातून समुद्रात फेकले जात असे, याची ती साक्ष होती. २०१७ मध्ये त्या उड्डाणाच्या दोन वैमानिकांना जन्मठेप झाली. चाळीस वर्षांनी एका वाक्याला कर्ता मिळाला. व्हियाफ्लोर यांची रक्षा २००५ च्या डिसेंबरात त्याच चौकात, स्मारकस्तंभाच्या पायथ्याशी ठेवण्यात आली. अस्थी नाकारणाऱ्या मातांचा गुरुवारचा फेरा त्यानंतरही त्याच स्तंभाभोवती चालू राहिला.