इथं मोडू दे

पुण्याजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात मुलांनी मंगळावर चालेल अशी गाडी बांधली होती. जायची होती ती अमेरिकेतल्या युटा राज्यात. तिथे हँक्सव्हिल गावाजवळच्या लाल वाळवंटात मार्स सोसायटी 2007 पासून युनिव्हर्सिटी रोव्हर चॅलेंज ही स्पर्धा भरवते. मंगळावर अंतराळवीराला जी मदत लागेल, ती विद्यार्थ्यांच्या रोव्हरने करून दाखवायची: माती तपासायची, सामान पोचवायचं, यंत्राचे खटके दाबायचे, स्वतःची वाट स्वतः शोधायची. वजन 50 किलोच्या आत हवं. आणि खरी मेख पुढेच आहे. चालवणाऱ्याला गाडी दिसत नाही, तो आडोशाला बसून कॅमेऱ्याच्या चित्रावर ती हाकतो. गाडी अडली तर जाऊन हाताने सोडवता येते, पण दर खेपेला त्या कामाचे 20 टक्के गुण जातात आणि घड्याळ काही थांबत नाही.

कॅप्टन फायनल इयरचा, हुशार आणि जीव तोडून राबणारा. आदल्या वर्षी निघायच्या तोंडावर गाडी चाचणीत मोडली होती आणि टीम जाऊच शकली नव्हती. ते त्याने पाहिलं होतं, त्यामुळे त्याची भीती खोटी नव्हती. नव्या रोव्हरला तो ओरखडासुद्धा येऊ देत नसे. गाडी चालायची ती वर्कशॉपशेजारच्या खोलीत, गुळगुळीत फरशीवर. पाहुणे आले की चादर निघायची, यांत्रिक हात पाण्याची बाटली उचलून द्यायचा, टाळ्या पडायच्या आणि चादर पुन्हा घातली जायची.

टीममध्ये वायरिंग बघणारी सेकंड इयरची एक मुलगी होती. भंगारात टाकलेला आदल्या वर्षीचा रोव्हर तिने मागून घेतला. दर रविवारी दोन ज्युनिअर पोरांना घेऊन ती तो छोट्या टेम्पोतून टेकडीपलीकडच्या बंद दगडखाणीत न्यायची. तिथे मुरूम, खडी आणि पावसाने कापलेल्या घळी. एकाने हौद्यात ताडपत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसायचं आणि बाहेर न डोकावता गाडी चालवायची. दर खेपेला काहीतरी मोडायचं. संध्याकाळी ती रजिस्टरमध्ये लिहायची: काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. ‘डाव्या मधल्या चाकाचा बोल्ट गळाला. थरथरीने नट सैल झाला. सगळीकडे नायलॉक नट घातले.’ ‘टेकाडामागे सिग्नल गेला, गाडी जागीच उभी राहिली. अँटेना उंच केली. सिग्नल तुटला तर आल्या वाटेने मागे यायचं, असं प्रोग्रॅममध्ये घातलं.’

“दादा, एकदा नवी गाडीपण खाणीत नेऊ या का?” तिने विचारलं.

“अगं, मोटरी केवढ्याच्या आहेत माहितेय ना? तुझं भंगार दर रविवारी मोडतंय, ते बघतोय मी.”

ती गप्प बसली, पण रजिस्टर चालूच ठेवलं.

व्हिडिओवरून स्पर्धेसाठी निवड झाली. एप्रिलमध्ये प्रायोजकांना द्यायला फोटो हवेत म्हणून नवी गाडी पहिल्यांदा खाणीत उतरली. कॅप्टन स्वतः ताडपत्रीखाली बसला. सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग पडद्यावर क्षितिज हळूहळू वर सरकायला लागलं. गाडी नाकावर उतरतेय असं समजून त्याने ती मागे घेतली. उतार नव्हताच. कॅमेऱ्याचा काळा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेला होता, आणि पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. वरून ऊन, खालून मोटर ड्रायव्हर सर्किटची धग. ब्रॅकेट वाकला, कॅमेऱ्याने मान टाकली, आणि मागे घेतलेली गाडी सरळ घळीत जाऊन आडवी झाली.

कॅप्टन धावत आला. यांत्रिक हाताचा एक सांधा तिरका झाला होता. “उचला. आत्ताच्या आत्ता खोलीत न्या. पुन्हा बाहेर काढायची नाही.”

टेम्पोबरोबर वर्कशॉपचे मामा आले होते. सगळी नोकरी लेथवर गेलेला माणूस. त्यांनी ब्रॅकेट हातात घेऊन दाबून पाहिला.

“बाळा, हा तिकडं गेल्यावर वाकला असता तर काय केलं असतंस?”

कॅप्टन काही बोलला नाही.

“मोडायचंय ते मोडणारच. मग इथं मोडू दे. इथं लेथ आहे, मी आहे, दीड महिना हातात आहे. तिथं यातलं काय असणार?”

मामांना ठाऊक नसेल, पण मंगळाच्या गाड्या चालवणारेही याच मताचे. 2005 मध्ये नासाची ऑपॉर्च्युनिटी मंगळावरच्या मऊ वाळूत रुतली, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या जेपीएल प्रयोगशाळेत अभियंत्यांनी घाईने चाकं फिरवली नाहीत. तशी माती कालवून घरच्या चाचणी-रोव्हरला त्यांनी त्यात मुद्दाम रुतवलं, कसा निघतो ते पाहिलं, आणि मगच मंगळावर आज्ञा पाठवल्या. जवळजवळ पाच आठवड्यांनी गाडी सुटली. माझ्या मते मुलांना शिकवण्यासारखी अभियांत्रिकी ती हीच. आपल्याकडे प्रदर्शनात चाललेल्या गाडीचं कौतुक होतं, खाणीत मोडलेल्या गाडीचं होत नाही, आणि ते व्हायला हवं.

कॅप्टनने त्या रात्री रजिस्टर मागून पहिल्या पानापासून वाचलं. सकाळी यादी लावली. मामांनी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा ब्रॅकेट वाकवून दिला. जुन्या गाडीतल्या नोंदी एकेक करून नव्या गाडीत उतरल्या, आणि मग ती रोज खाणीत जाऊ लागली. ओरखडे किती पडले ते कुणी मोजलं नाही.

युटात सामान पोचवण्याच्या फेरीत गाडी एका खडकाळ कड्यामागे गेली आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. एकाने गाडी हाताने सोडवण्याची परवानगी मागायला हात वर केला. कॅप्टननेच तो खाली ओढला. “थांब. ती मागे येतेय.” गाडी आपल्याच चाकोरीवरून मागे सरकली, चित्र हललं, आणि दुसऱ्या बाजूने वळसा घालून त्यांनी सामान पोचवलं.

दुसऱ्या दिवशी यांत्रिक हाताच्या पकडीचा रबर पॅड सुटला. हे खाणीत कधी झालं नव्हतं, त्यामुळे त्याची नोंदही नव्हती. 20 टक्के गुण गेले. मुलीने तिथेच मांडी घालून ते लिहून घेतलं आणि गोंद कोणता होता हे कॅप्टनला विचारलं. बक्षिसाच्या रांगेत ते नव्हते.

ऑगस्टमध्ये नव्या बॅचने नवी चेसिस जोडली. रंग द्यायचा होता, यांत्रिक हात बसवायचा होता, वायरी अजून लोंबत होत्या. “ताई, चादर घालून ठेवू का?” एकाने विचारलं. ती आता कॅप्टन होती.

“नको,” ती म्हणाली, आणि टेम्पोवाल्याला फोन लावला.