कुरकुर ऐकणारी मंडळी

ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासात नोंद झालेली पहिली अंतर्गत तक्रार जेवणाच्या वाटपावरून आली. यरुशलेमातल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांत स्थानिक इब्रीभाषी होते, तसे परमुलखातून येऊन राहिलेले ग्रीकभाषी यहुदीही होते. रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावललं जातं, अशी कुरकुर या ग्रीकभाषींनी सुरू केली. बारा प्रेषितांनी तिला बंड म्हटलं नाही, कोण बोललं याचा शोधही लावला नाही. त्यांनी सगळ्या समुदायाला बोलावलं आणि या कामासाठी सात माणसं तुम्हीच निवडा, असं सांगितलं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात ती नावं आहेत. स्तेफनापासून नीकलावापर्यंत सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांच्या ताटात कमी पडत होतं, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाढप आलं.

या उताऱ्यावर आपल्याकडे उपदेश होतो तो कामाच्या विभागणीचा: पाळकाने प्रार्थना आणि वचन सांभाळावं, व्यवहार इतरांनी बघावा. तो अर्थ चुकीचा नाही. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती त्याआधीची गोष्ट. कुरकुर वरपर्यंत पोहोचली, आणि ती करणारे मंडळीतच मानाने राहिले. मंडळीचं आतलं वातावरण निरोगी आहे की नाही हे तपासायला पाळकाचा स्वभाव, उपदेशाची धार किंवा रविवारची गर्दी पुरेशी नाही. तिथल्या सर्वांत दुबळ्या माणसाची तक्रार कोणत्या वाटेने जाते आणि तक्रार केल्यानंतर त्याचं काय होतं, हे बघावं लागतं. हा विचार ख्रिस्ती परंपरेत पहिल्यापासून आहे, पण तो टिकून राहिला असं म्हणता येत नाही. तो पुन्हा पुन्हा सापडला आणि पुन्हा पुन्हा हरवला.

अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमोर सुनावलं. परजातीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवणारा पेत्र यरुशलेमाहून माणसं आल्यावर पंक्तीतून मागे सरकला होता. पौलाने हे गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्पष्ट सांगितलं, आणि पुढच्या पिढ्यांनी तो मजकूर पवित्र शास्त्रात ठेवला. ज्या पेत्राच्या नावावर पुढे रोमच्या पीठाचा अधिकार उभा राहिला, त्याच्या चुकीची जाहीर नोंद मंडळीने वीस शतकं वाचनात ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढे छळ वाढला, निरनिराळ्या शिकवणी पसरल्या, आणि खरी मंडळी कोणती हा प्रश्न जिवावरचा झाला. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस आपल्या पत्रांत बजावत होता की बिशपाला सोडून काही करू नका. त्या काळात एकीसाठी हे गरजेचं होतं. तिसऱ्या शतकात कार्थेजच्या सिप्रियनने मात्र आपल्या वडीलवर्गाला कळवलं की तुमचा सल्ला आणि लोकांची संमती घेतल्याशिवाय आपण काही करायचं नाही, असं बिशप झाल्यापासून ठरवलं आहे. एकी आणि सल्लामसलत यांचा ताण तेव्हापासूनचा आहे. सम्राट ख्रिस्ती झाल्यावर बिशपांच्या हाती न्यायनिवाड्याचे अधिकार आले, मालमत्ता आली, आणि तराजू एका बाजूला झुकला.

सहाव्या शतकात इटलीत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. संस्था चालवणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने ती एकदा तरी वाचावी, कारण माणसं एकत्र राहिली की काय बिघडतं याची जाण तिच्या पानापानांत आहे. तिसऱ्या अध्यायात सांगितलं आहे की महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलवावं, सर्वांचं ऐकावं, मग स्वतः ठरवावं. सर्वांना बोलवायचं कारण असं की अधिक चांगलं काय ते देव पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला दाखवतो. एकसष्टाव्या अध्यायात पाहुणा म्हणून आलेल्या परक्या साधूची गोष्ट आहे. त्याने नम्रपणे आणि सकारण काही उणीव दाखवली, तर मठाधिपतीने विचार करावा की देवाने त्याला याचसाठी तर पाठवलं नसेल? अडुसष्टाव्या अध्यायात, झेपणार नाही असं काम कुणाला सांगितलं गेलं तर त्याने योग्य वेळ पाहून वरिष्ठाला कारण सांगावं, अशी मुभा आहे. शेवटचा शब्द वरिष्ठाचाच, पण सांगण्याची वाट बंद नाही.

याच बेनेडिक्टला कुरकुर अजिबात खपत नाही. तिच्याविरुद्ध तो वारंवार बजावतो. वरवर पाहता हे यरुशलेमच्या उलट वाटतं. माझ्या मते दोन्हींचं मूळ एक आहे. जिथे उघड बोलायला जागा असते तिथे पाठीमागची कुजबुज घातक ठरते, म्हणून ती मना करण्याचा अधिकार वरिष्ठाला मिळतो. उघड बोलायला जागाच न ठेवता कुजबुज मना करणं ही नुसती दडपशाही. आपल्या मंडळ्यांत कित्येकदा दुसरा अर्धा भाग तेवढा पाळला जातो: अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये, मंडळीचं नाव खराब होईल, प्रार्थना करा. मग लोक बैठकीत गप्प बसतात आणि फाटकाबाहेर तासभर बोलतात.

मधली शतकं ओलांडून महाराष्ट्रात येऊ. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1813 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि 1831 पासून अहमदनगर हे त्याचं मोठं केंद्र बनलं. बाप्तिस्मा घेणाऱ्याचं घर तुटायचं, नातं तुटायचं. धर्म बदलला तरी वारसाहक्क जाऊ नये यासाठीचा कायदाही 1850 मध्ये आला. अशा माणसाला मिशनने आसरा दिला, शाळा दिली, नोकरी दिली. ही मदत खरी होती आणि तिची किंमत कमी लेखू नये. पण तिच्यातून एक रचना आपोआप तयार झाली. मिशनरी हाच शिक्षक, हाच पगार देणारा, कंपाउंडमधल्या घराचा धनीही हाच आणि भांडणं मिटवणाराही हाच. आश्रितासाठी तो मायबाप झाला, आणि मायबापाला ‘साहेब, हे चुकतंय’ असं म्हणायला आश्रिताची जीभ रेटत नाही. कुणी वाईट नसतानाही वातावरण बिघडतं ते असं.

हे ओळखणारी माणसं मिशनमध्येही होती. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन आणि इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांनी एकाच काळात एकच विचार मांडला: मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, आणि स्वतः सुवार्ता पसरवावी. अँडरसन 1854-55 मध्ये भारतात आले. 1854 मध्येच अहमदनगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. विचार पटला होता, माणसंही उभी होती. पैशाची वाट मात्र फार काळ जुनीच राहिली, आणि ज्याच्या हाती पगार त्याच्याकडे डोळे, हे कुठल्याही ठरावाने बदलत नाही.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला आणि लवकरच त्यांचे चर्चच्या वरिष्ठांशी खटके उडाले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा बेत होता, त्याला भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी लिहून कळवलं की आपली सद्सद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या हवाली केलेली नाही. एका पुरोहितशाहीचं जोखड उतरवून दुसरं मानेवर घ्यायला आपण आलेलो नाही. त्या पत्रव्यवहारात मला नेतृत्वाचा मोठा धडा दिसतो. ज्या बाईंनी स्वतः ‘नाही’ म्हणून पाहिलं, त्यांनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांच्या हाती छापखाना दिला. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं बायका करत, आणि रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर तिथेच छापलं गेलं. विधवेला अन्न देणं आणि तिच्या हाती वाढप देणं यातला फरक केडगावने ओळखला होता.

एडिनबरोला 1910 मध्ये जागतिक मिशनरी परिषद भरली. बहुतेक सारे प्रतिनिधी युरोप-अमेरिकेतले, आशियाई मूठभर. त्यांत तेलुगू मुलखात काम करणारे व्ही. एस. अझरया होते. तुम्ही त्याग केलात, संपत्ती वेचलीत, आता आम्हाला मित्रही द्या, अशा आशयाचं त्यांचं आवाहन सभेतल्या कित्येकांना झोंबलं. दोनच वर्षांनी ते दोर्नकलचे बिशप झाले, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. टोचणारं बोलल्यानंतरही ते मंडळीतच राहिले आणि वाढले, हे मला ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायाशी नातं सांगणारं वाटतं. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, कुणी पगारी नसावं, ही कल्पना. टिळक 1919 मध्ये गेले आणि दरबार फार चालला नाही. पण पगाराचं नातं आणि भक्तीचं नातं एकमेकांत गुंतलं की मोकळं बोलणं संपतं, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. अँग्लिकनांचे बिशप, प्रेस्बिटेरियनांची वडीलसभा आणि काँग्रिगेशनलांची स्थानिक सदस्यांची सभा या तिन्ही परंपरा एका घटनेत बसवल्या गेल्या. कागदावर ही रचना सिप्रियनला आवडली असती. कारभार आपल्या हाती आला, मिशनच्या जमिनी, शाळा, दवाखाने आपल्याकडे आले. खेदाची गोष्ट अशी की मायबापाची खुर्चीही तशीच आली. निवडणुका गटांच्या झाल्या, शाळेतल्या नोकऱ्या मतांशी जोडल्या गेल्या, जमिनीचे वाद कोर्टात गेले. घटना बदलणं सोपं असतं. वागण्याची सवय मागच्या पिढीकडून तशीच उचलली जाते.

हा रोग जुन्या चर्चपुरता नाही. अमेरिकेत सिएटलला 1996 मध्ये सुरू झालेलं मार्स हिल चर्च झपाट्याने वाढलं, अनेक शाखा झाल्या. 2007 मध्ये नियम बदलून सत्ता मोजक्या हातांत घेतली गेली, आणि विरोध करणाऱ्या दोन पाळकांना काढण्यात आलं. 2014 मध्ये सहसंस्थापक मार्क ड्रिस्कॉल यांनी राजीनामा दिला आणि काही महिन्यांत सगळं चर्चच विसर्जित झालं. वाढ होत होती तोवर बाकी फारसं कुणी विचारलं नाही, कारण वाढ हाच आशीर्वादाचा पुरावा मानला गेला. आपल्या शहरांतल्या नव्या, जोमाने वाढणाऱ्या मंडळ्यांनी हा इतिहास मुळातून वाचावा, असं मला कळकळीने वाटतं.

कॅथलिक चर्चला याच प्रश्नाकडे लैंगिक अत्याचारांच्या भयंकर प्रकरणांनी आणलं. पीडित बोलले होते. बोलणं जिथे पोहोचायचं तिथेच ते दाबलं जात होतं. पोप फ्रान्सिस यांनी 2021 ते 2024 या काळात जगभरच्या धर्मग्रामांपासून सुरू होणारी सिनोडची प्रक्रिया चालवली, आणि 2023 च्या सभेत स्त्रियांना प्रथमच मताधिकार मिळाला. 1983 च्या कॅनन लॉनुसार प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणं सक्तीचं आहे, तर पॅरिश कौन्सिल बिशपच्या इच्छेवर आणि तिचं मत केवळ सल्ल्यापुरतं. वसईसारख्या जागत्या धर्मप्रांतात अशा कौन्सिलला खरं वजन येतं की ती सणांचं नियोजन करण्यापुरती उरते, हे तिथल्या फादरांवर सोडून चालणार नाही.

मग पाळकाने करायचं काय? मला मोठ्या घोषणा सुचत नाहीत, साध्या सवयी सुचतात. पास्टरेट कमिटीत सर्वांत तरुण सदस्याला आधी बोलू द्यावं आणि पाळकसाहेबांनी शेवटी बोलावं, कारण ते आधी बोलले की चर्चा संपते. विरोधी मत इतिवृत्तात नावानिशी लिहावं आणि पुढच्या वर्षी त्याच सदस्याला पुन्हा जबाबदारीचं काम द्यावं. धर्मादाय आयुक्तांकडे जाणारा हिशेब सूचनाफलकावरही लागावा. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आपल्या प्रत्येक शाळेत आणि दवाखान्यात कामाच्या ठिकाणचा स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तिच्यावर पाळकाचे नातलग नकोत. पाळकाविरुद्धची तक्रार पाळकाच्याच टेबलावर येणार नाही अशी दुसरी वाट सर्वांना माहीत असावी. महिला मंडळातल्या बाईलाही आणि झाडलोट करणाऱ्या कामगारालाही.

यात एक बाजू नेहमी राहून जाते. पाळकाची स्वतःची कुरकुर कोण ऐकतं? मुलाची दहावी सुरू असताना बदली येते, पगार महिनोन्‌महिने थकतो, पत्नीने संडे स्कूल आणि महिला मंडळ बिनपगारी चालवावं असं गृहीत धरलेलं असतं, आणि बिशपांच्या कार्यालयात बोललं की पुढची बदली आणखी दूर होते. ज्याला वर तोंड उघडता येत नाही त्याच्याकडून खालच्याचं ऐकण्याची अपेक्षा करणं अवघड आहे. त्याचा वचक कितीदा त्याच्या भीतीतूनच येतो. म्हणून सुरुवात डायोसिसनेच करावी. बदलीची कारणं लेखी द्यावीत, ती शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर करू नये, आणि पाळकांच्या वार्षिक मेळाव्यात एक सत्र असं ठेवावं की ज्यात बिशपांनी फक्त ऐकावं आणि झेपत नसलेलं काम पाळकांनी त्यांना सकारण सांगावं. बेनेडिक्टने हे दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आपल्या डायोसिसन कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत तसा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरे आहे.