खुर्चीतला तिसरा माणूस

जळगावात किंवा धुळ्यात सलूनच्या सामानाचं छोटं दुकान टाकायचं म्हटलं, तर बऱ्याच गोष्टी सहज जमतात. कात्रीसाठी मेरठ आहे. तिथल्या कात्रीला 2013 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ब्रश, पावडर, स्प्रे मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या घाऊक बाजारातून येतात. गाडी अडते वस्तऱ्यापाशी. परवडणारा वस्तरा कुठून आणायचा हा प्रश्न भावाचा वाटतो खरा, पण माझ्या मते तो नीतीचाही आहे.

आज सलूनमध्ये आपल्या गालावरून फिरतो तो बहुतेक वेळा जुन्या अर्थाचा वस्तरा नसतो. ती नुसती मूठ असते. तिच्यात अर्धं ब्लेड अडकवायचं आणि गिऱ्हाईक बदललं की फेकून द्यायचं. एचआयव्ही आणि काविळीचा धोका पाहता हे उत्तमच. अशी मूठ स्वस्तातली घ्या, फार बिघडत नाही. ब्लेड घट्ट बसलं, बिजागरी ढिली नसली की झालं.

खऱ्या वस्तऱ्यात मात्र पातं हेच सगळं. पोलादात कार्बन पुरेसा हवा, ते तापवून नीट पाणी दिलेलं हवं, मग पुन्हा बेताच्या आचेवर ठिसूळपणा काढलेला हवा. यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. मऊ लोखंडालाही आरशासारखी चकाकी देता येते. ते दगडावर घासा, चामड्याच्या पट्ट्यावर फिरवा, धार टिकत नाही. जर्मनीतल्या सोलिंगेन शहराचं नाव कोणत्या पात्यावर कोरता येईल, यासाठी 1938 मध्ये कायदा करावा लागला होता.

जळगावकरांना कस म्हणजे काय हे शिकवायला नको. लांबलांबून लोक इथे सोनं घ्यायला येतात ते शुद्धतेच्या भरवशावर. सोन्याला कसोटीचा दगड आहे, 2021 पासून हॉलमार्कही टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला. वस्तऱ्याचा कस लागतो तो थेट कातडीवर. आणि ती कातडी विकणाऱ्याची नसते, विकत घेणाऱ्याचीही नसते.

व्यापारात आपण दोनच माणसं धरतो. ‘भाऊ, माल समोर आहे, भाव सांगितला, बघून घ्या.’ पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या एखाद्या नव्या सलूनवाल्याने बघून घेतलंही, स्वस्त आहे म्हणून धोका पत्करलाही. पण खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटलेल्या माणसाने काय पत्करलं? त्याला सौद्याची खबरच नाही.

या तिसऱ्या माणसाचा विचार महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे, आणि तो वस्तरा चालवणाऱ्यांनीच केला. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्या सौद्यातही पैसे देणारं घर आणि काम करणारा कारागीर असे दोघेच होते. जिचं डोकं होतं, तिला कोण विचारणार! हातावर पोट असलेल्यांनी हातातलं काम नाकारलं. याबद्दल आपल्या शाळेत एक ओळ तरी शिकवली होती का, आठवून बघा.

आता खरी अडचण. गरिबाला स्वस्तच परवडतं, आणि दर्जाच्या गप्पा पोट भरलेल्यांना सुचतात. हा आक्षेप मला खोडता येत नाही, खोडावासाही वाटत नाही. पण स्वस्ताई कुठून काढायची, हे तर आपल्या हातात आहे. शिसवी मूठ नको, प्लॅस्टिकची चालेल. मखमली डबी नको, नक्षी नको. वापरलेलं जुनं पण चांगल्या पोलादाचं पातं पुन्हा धार लावून विकता येतं. पोलादाच्या पाण्यातून पैसे वाचवले, तर ते पैसे तिसऱ्याच्या गळ्यातून काढलेले असतात.

‘मी नाही विकला तर शेजारचा विकेल’ हेही ऐकायला मिळतं. विकेल ना. 1890 मध्येही दुसरा कुणीतरी न्हावी मिळाला असताच.

म्हणून डझनाची ऑर्डर देण्याआधी दोन-तीन नमुने मागवावेत आणि एखाद्या मुरलेल्या कारागिराकडे द्यावेत. त्याने आधी स्वतःच्या दाढीवर, महिनाभर, धार किती दिवस टिकते ते पाहावं. त्याला त्याचे पैसे द्यावेत आणि ते किमतीत धरावेत. नमुने नापास झाले, तर काउंटरवर नुसत्या मुठी आणि ब्लेडची पाकिटं ठेवावीत, आणि कुणी खरा वस्तरा मागितला की सरळ सांगावं, भाऊ, सध्या नाही.